जुन्या फियाटचा पंखा



मोटारीचा पंखा हा काही भाषणाचा विषय नव्हे, असे आमच्या घरात सर्वांचे मत पडले. पण या एका पंख्यापायी मी दोन उन्हाळे घालवले आहेत, बऱ्यापैकी पैसे घालवले आहेत आणि ऐंशी उलटलेल्या आईला एकदा रात्रीच्या वेळी रस्त्याच्या कडेला बसवून ठेवले आहे. तेव्हा यावर बोलण्याचा थोडाफार अधिकार मला आहे, असे मी समजतो.

गाडी म्हणजे फियाट. १९७१ सालची अकराशे डिलाइट. वडिलांनी ती जुनीच विकत घेतली तेव्हा हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. आपला जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. वडील गेले, पण आईचा हट्ट एकच. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायचे ते याच गाडीतून. दारात भावाची नवी गाडी उभी असते, थंड हवेची. आई तिच्यात बसत नाही. त्यामुळे फियाट चालू ठेवणे ही माझ्यासाठी हौस राहिलेली नाही, जबाबदारी झाली आहे.

या गाडीचे मूळ गाव इटलीतले तुरीन. आपल्याकडे ती बनवली मुंबईत कुर्ल्याला, सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने. पुढे हीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून सिनेमातून घरोघर पोचली. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आमच्या भागात मात्र अजून एखादी फियाट, एखादी अँबेसेडर किंवा जुनी जीप वाड्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली सापडते. त्यांच्या मालकांचा उन्हाळ्यातला प्रश्न एकच असतो, गाडी तापते, पंखा कोणता बसवू?

आधी थोडे गणित सांगतो, कंटाळू नका. रेडिएटर पाण्यातली उष्णता हवेत सोडतो. किती सोडतो, ते पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. पाणी ९० अंशांवर आणि बाहेरची हवा २५ अंशांवर असेल तर फरक ६५ अंशांचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३ वर गेला की हाच फरक उरतो ४७ अंशांचा. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, तेवढीच हवा. पण थंड करण्याची ताकद पाव हिश्शाहून अधिक घटली. ही गाडी ज्यांनी आखली त्यांनी तुरीनचा उन्हाळा पाहिलेला होता, हिंगोलीचा नव्हे. डांबरी रस्त्यालगतची हवा तर आणखी तापलेली असते.

त्यात फियाटची एक नाजूक जागा आहे. इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, पण वरचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे. अ‍ॅल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगते. इंजिन एकदा बेसुमार तापले की हेडला बाक येतो, गॅस्केट उडते, पाणी तेलात आणि तेल पाण्यात जाते. माझे नेमके हेच झाले. औंढ्याच्या वाटेवर, एप्रिलमधल्या भर दुपारी. आई एका लिंबाच्या झाडाखाली बसली, मी बॉनेट उघडून वाफेकडे बघत उभा राहिलो. लेथवाल्याने हेड सपाट करून दिले, पण मोजून झाल्यावर म्हणाला, "सर, आता याला पुन्हा घासायला जागा नाही. परत तापवलं तर हे भंगारात." या गाडीचे उत्पादन बंद होऊन बरीच वर्षे झाली. धड हेड मिळवायचे म्हणजे मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूची सुट्या भागांची दुकाने पालथी घालायची आणि तिथेही मिळेलच असे नाही. म्हणजे आता चूक करायला वाव उरला नव्हता.

आणि मी ताबडतोब चूक केली.

आमच्या मिस्त्रींनी सुचवले, "मारुतीचा पंखा टाकून देऊ सर, झंझटच मिटंल." मारुती ८०० ला पहिल्यापासून विजेचा पंखा असतो. जुन्या बाजारात तो स्वस्तात मिळतो, बारा व्होल्टवर चालतो, फियाटच्या रेडिएटरमागे थोड्या खटपटीने बसतो. युक्तिवादही पटण्यासारखा होता. मूळ पंखा पाण्याच्या पंपाच्या शाफ्टवर बसलेला आणि इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा. इंजिन हळू तर पंखा हळू. म्हणजे बाजाराच्या गर्दीत, जिथे वाऱ्याची खरी गरज, तिथेच तो आळसावतो. उलट मोकळ्या रस्त्यावर समोरून वारा आपोआप येतो, तेव्हा हा उगाच भन्नाट फिरतो. शिवाय पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी ताकद दुप्पट नव्हे, आठपट होते. तिप्पट झाला की सत्तावीसपट. चाळीस-बेचाळीस अश्वशक्तीच्या इंजिनाला हा भुर्दंडच. विजेचा पंखा हवा तेव्हाच लागतो आणि पूर्ण वेगाने फिरतो. शास्त्र सगळे बरोबर होते. मूळ पंखा काढून मी पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकला आणि मारुतीचा बसवला.

महिनाभर मी मिस्त्रींचे गुण गायिले. मग नांदेडला एका लग्नाला गेलो. परत निघायला रात्रीचे नऊ झाले. हेडलाइट चालू, अर्धापूरपर्यंत ट्रकांच्या मागे रखडत यावे लागले, पंखा जवळजवळ अखंड फिरत होता. वारंगा फाटा मागे टाकला तेव्हा दिवे पिवळे पडल्यासारखे वाटले. कळमनुरीच्या अलीकडे ते विझायला आले, इंजिन आचके देऊ लागले आणि गाडी थांबली. बॅटरीत एवढाही दम नव्हता की हॉर्न वाजावा. आई मागच्या सीटवरून एवढेच म्हणाली, "तुझे वडील असते तर टॉर्च घेऊन निघाले असते." माझ्याकडे टॉर्च नव्हता.

घरी आल्यावर कागद घेऊन बसलो. हे निघण्यापूर्वी करायला हवे होते. दोन हेडलाइट पंचेचाळीस-पंचेचाळीस वॅटचे, मागचे दिवे आणि मीटरचे दिवे मिळून पंधरा. एकूण १०५ वॅट. बाराने भागले की सुमारे नऊ अँपिअर. इग्निशनला तीन. मारुतीचा पंखा आठ ते दहा. बेरीज वीस-बावीस अँपिअर. माझ्या गाडीला आहे जुना डायनामो, अल्टरनेटर नव्हे. डायनामो पूर्ण वेगावर असताना एवढा प्रवाह देताना त्याची दमछाक होते आणि इंजिन सावकाश चालत असेल तर तो जवळजवळ काहीच देत नाही. ट्रकामागे रखडताना सगळा भार बॅटरीवर होता. चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी अशा भाराखाली दोन तासही काढत नाही. आमची त्याआधीच संपली. मारुतीला तो पंखा शोभतो कारण तिच्याकडे अल्टरनेटर आहे. पंखा तसा चांगला होता, पण माझ्या घराला झेपणारा नव्हता.

तेव्हा पहिली गोष्ट. जुन्या गाडीला विजेचा पंखा घेण्याआधी बॉनेट उघडून डायनामो आहे की अल्टरनेटर ते पाहा. लांबट नळकांड्यासारखा असेल तो डायनामो. मग विजेच्या पंख्याचा नाद सोडा, निदान मुख्य पंखा म्हणून तरी.

आता जरा मागे जाऊ. हेड गेले, पंखा बदलला, बॅटरी संपली. पण मुळात गाडी का तापत होती, हे मी कधी तपासलेच नव्हते. ताप आला की क्रोसिन घ्यावी तसा मी पंखा घेतला होता. डॉक्टर आधी विचारतात, ताप केव्हा येतो? तोच प्रश्न गाडीला विचारायचा. गाडी उभी असताना, गर्दीत, चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर निवत असेल, तर वारा कमी पडतो आहे. तो पंख्याचा प्रश्न. पण साठच्या वेगाने सरळ रस्त्यावर जाताना काटा चढत असेल, तर समोरून पंख्यापेक्षा कितीतरी जास्त वारा येतोच आहे. तिथे जगातला कोणताही पंखा उपयोगाचा नाही. तिथे दोष पाण्याच्या बाजूला असतो. रेडिएटर तुंबलेला, पंपाची पाती गंजून खाल्लेली, थर्मोस्टॅट अडकलेला, नाहीतर इग्निशनचे टायमिंग मागे पडलेले.

मी बॅटरी चार्ज केली, पंख्याला हाताने चालवायचे बटण बसवले आणि पंधरा दिवस दिवसाउजेडी एक वही घेऊन फिरलो. वेगळा लावलेला तापमानाचा काटा, वेळ आणि रस्ता लिहीत गेलो. बाजारात काटा भरभर चढे, हे अपेक्षित होते. पण कळमनुरीच्या मोकळ्या रस्त्यावरही तो सावकाश, मुंगीच्या पावलाने वर जाई. म्हणजे आजार दोन होते आणि मी दोन्हींवर एकच औषध देत होतो.

पाण्याच्या आजाराचे कारण आपल्या भागात शोधावे लागत नाही. बोअरचे पाणी. ज्या पाण्याने चहाच्या पातेल्याला पांढरा थर धरतो, तेच आम्ही वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले. रेडिएटर खोलून पाहिला तर कित्येक नळ्या क्षाराने बंद. नळ्या सळ्या घालून साफ करून घेतल्या, डाख देऊन टाक्या पुन्हा बसवल्या. इंजिन उलट्या बाजूने पाणी सोडून धुतले, तर तांबड्या गाळाची बादली निघाली. कुणीतरी पूर्वी थर्मोस्टॅट काढून फेकून दिला होता. 'उन्हाळ्यात त्याची गरज नाही' असे आपल्याकडचे कारागीर सर्रास सांगतात. गरज असते. इंजिन वेळेवर योग्य तापमानाला आणणे आणि तिथे ठेवणे हे त्याचे काम. नसेल तर थंडीत इंजिन बराच वेळ गारठलेले चालते आणि झिजते. नवा बसवला. कुलंट आणि शुद्ध पाणी भरले. रेडिएटरचे झाकणही बदलले. ते नुसते झाकण नसते, आत दाब धरून ठेवते. सात पौंडांचे झाकण पाण्याचा उकळबिंदू अकराएक अंशांनी वर नेते. रबर कडक झालेले झाकण हे काम करत नाही. आणि गरम असताना ते उघडू नका, हे पुन्हा सांगतो, कारण हातात पंचा घेऊनही भाजलेले लोक मी पाहिले आहेत.

यात एक गंमत सांगायची राहिली. उन्हाळ्यात फियाट बंद पडली म्हणजे ती तापलीच असे नाही. पेट्रोलचा पंप इंजिनाच्या अंगावर असतो. त्यात पेट्रोलची वाफ धरते आणि गाडी थांबते. त्या पंपावर ओले फडके टाकण्याची जुन्या ड्रायव्हरांची युक्ती याच दुखण्यावर आहे. फडक्याने बरी होणाऱ्या गाडीला पंखा विकत घेणारेही मी पाहिले.

एवढे झाल्यावर मोकळ्या रस्त्यावरचा काटा जागच्या जागी थांबला. उरला बाजारातला ताप. आता खरा पंख्याचा प्रश्न समोर आला आणि तो सुटला एका कूलरवाल्याच्या दुकानात.

हिंगोलीत उन्हाळ्याच्या तोंडावर पत्र्याचे कूलर बनवण्याची लगबग असते. मी घरच्या कूलरच्या दुरुस्तीसाठी गेलो होतो. कारागीर पंख्याभोवतीच्या गोल पत्र्याची फट बोटाने मोजत होता. मी विचारले, एवढे काय बघता? तो म्हणाला, "फट ऱ्हायली की वारा तिथूनच माघारी फिरतो काका. मग पंखा नुसता आपल्याच वाऱ्यात फिरत बसतो. जाळीतून ओढतच नाही." मी तिथेच थांबलो. कूलर म्हणजे दुसरे काय? बाजूला ओल्या जाळ्या, मध्ये पंखा, बाहेरून वारा ओढून घ्यायचा. रेडिएटर ही जाळी आणि त्यामागे पंखा, तोच प्रकार. फरक एवढाच की कूलरला पत्र्याचा बंद डबा होता आणि माझ्या गाडीच्या पंख्याभोवती काहीच नव्हते. पात्यांच्या टोकांवरून वारा फिरून परत पुढे येत होता. रेडिएटरचे कोपरे कोरडेच राहत होते, मधल्या गोलातून तेवढा वारा जात होता.

दुसऱ्या दिवशी त्याच कारागिराला गाडीजवळ आणले. आधी त्याला वाटले की मी चेष्टा करतो आहे. मग त्याने वर्तमानपत्राचा कागद कापून माप घेतले. माळ्यावरचा मूळ पंखा खाली काढला. पात्यांच्या मुळाशी, रिबिटांजवळ तडा आहे का हे भिंगातून पाहिले. पाते तडकलेले असेल तर वेल्डिंग करून वापरू नये. सुटलेले पाते बॉनेट फाडून बाहेर येते, म्हणून चालू पंख्याच्या पात्यांच्या रेषेत उभेही राहू नये. पंखा बसवला, पट्टा नवा घातला. हाच पट्टा डायनामोही फिरवतो, त्यामुळे चार्जिंगचा लाल दिवा लागला की पंखाही थांबला असे समजावे आणि गाडी तिथेच उभी करावी. मग रेडिएटरच्या मागच्या बाजूला पत्र्याचे आवरण बसवले, मध्ये गोल तोंड, पंखा निम्मा आत आणि निम्मा बाहेर. इंजिन हलते म्हणून टोकाशी बोटभर जागा सोडली. रेडिएटरच्या कडेला रबराची पट्टी चिकटवली.

वही पुन्हा काढली. बाजारातला तोच रस्ता, दुपारचा तोच तास. पूर्वी जिथे काटा शंभराला टेकायचा, तिथे तो ब्याण्णव-त्र्याण्णववर थांबला.

म्हणून कुणी विचारले की पंखा कोणता घ्यावा, तर मी आता आधी गाडी बघतो. डायनामोची फियाट असेल तर मूळ पंखा, आवरणासह. जास्त पात्यांचे प्लास्टिकचे पंखे मिळतात, ते थोडा जास्त वारा ओढतात; पण वजन आणि तोल बघून घ्यावे, नाहीतर पंपाचे बेअरिंग जाते. अँबेसेडरचे हेड बिडाचे, ती एखाददुसरा ताप सोसते. पंख्यासाठी घाई नको. जीपचा मूळ पंखा दणकट असतो, त्याला हात लावू नये असे माझे मत आहे.

अल्टरनेटर असलेल्या नंतरच्या पद्मिनीला विजेचा पंखा खुशाल बसवा. माझा मारुतीचा पंखा मी माझ्या एका स्नेह्याच्या पद्मिनीला दिला आणि तिथे तो उत्तम चालला आहे. मात्र तो रेडिएटरच्या मागे बसवावा, ओढणारा. पुढे लावला की मोटारीचे धूड समोरचा वारा अडवते. जागाच नसल्याने पुढे लावावा लागला, तर नुसत्या तारा उलट्या करून भागत नाही. पातेही उलटे करावे लागते. नाहीतर वारा योग्य दिशेने येतो, पण मरगळलेला येतो आणि मालकाला वर्षभर कळत नाही. जाड वायर, फ्यूज आणि रिले हवेच. इग्निशनच्या वायरीतून थेट जोडणी केली तर ती वितळते. साधारण ९२ अंशांना लागणारा आणि ८७ ला बंद होणारा स्विच मिळतो, तो घ्यावा. पंखा रेडिएटरच्या जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून बांधू नये, त्या घासून नळ्या फोडतात. आणि असा पंखा इंजिन बंद असतानाही एकाएकी सुरू होऊ शकतो, बोटे जपा.

आणखी एक. पंखा बसावा म्हणून पुढचा पत्रा कापू नका. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करता येते, पण सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. मी ती नोंदणी केलेली नाही, कारण मग गाडी नेहमीच्या वापराला चालत नाही आणि आमच्या नागनाथाला ते परवडणारे नाही. पण पुढच्या पिढीला करावीशी वाटली तर कापलेला पत्रा आडवा यायला नको.

यंदाच्या महाशिवरात्रीला आईला घेऊन औंढ्याला गेलो. गावाबाहेरच गाड्यांची रांग लागलेली. पाऊण तास पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने. आई नामस्मरण करत होती, मी काट्याकडे बघत होतो. काटा त्र्याण्णवपर्यंत गेला आणि तिथे थांबला. एका ठिकाणी पुढची नवीकोरी गाडी बाजूला घेऊन तिचे बॉनेट उघडलेले दिसले. मला आनंद झाला हे कबूल करतो.

दर्शन झाले. सावलीत गाडी उभी होती. आई म्हणाली, "दोन वर्षं पंखा पंखा करतोस, दाखव तरी कसला आणलास." मी बॉनेट उघडले. तिने चष्मा सारखा केला, वाकून पाहिले आणि म्हणाली, "अरे, हा तर जुनाच आहे की!"